आइसलँडच्या शाळा: रेकयाविकला नंबर लागत नाही, गावात पट भरत नाही

आम्ही आइसलँडला गेलो तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. नवऱ्याची नोकरी, दुसरं काही कारण नाही. पहिली दोन वर्षं रेकयाविकला खेटून असलेल्या कोपावोगुर शहरात काढली आणि मग नवऱ्याला उत्तरेकडं पाठवलं, तर एका फ्योर्दाच्या कडेला असलेल्या पाचेकशे वस्तीच्या गावात येऊन राहिलो. (फ्योर्द म्हणजे डोंगरात आतपर्यंत घुसलेली समुद्राची लांबलचक खाडी.) कोपावोगुरमध्ये ज्या कुणा आईशी ओळख व्हायची तिचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला, "बालवाडीत नंबर लागला का?" आणि गावात आलो तर सामान अजून गाडीतच होतं, शेजारच्या आजी येऊन विचारतात, "मुलं किती? वयं काय?"

हे दोन प्रश्न का वेगळे, हे कळायला मला बरेच महिने लागले, आणि ते कळलं की आइसलँडची अख्खी शाळाव्यवस्था कळते. इकडच्या मैत्रिणी विचारतात ना, तिकडं सगळं फुकट, सगळं छान, मग अडचण कसली, तर त्यांच्यासाठी नीट बसून लिहितेय.

आधी देश केवढा ते बघू. क्षेत्रफळ साधारण १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा. माणसं चार लाखांच्याही आत. त्यातली तीनातली दोन रेकयाविक आणि त्याला चिकटलेल्या कोपावोगुर, हाफनार्फ्योर्दुर, गार्दाबायर, मोसफेल्सबायर अशा शहरांत राहतात. उत्तरेला अकुरेरी म्हणून वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे, तिथं त्याला 'उत्तरेची राजधानी' म्हणतात. उरलेले लोक किनाऱ्याकिनाऱ्यानं मासेमारीच्या गावांत नाहीतर मेंढ्या-गाईंच्या शेतांवर, आणि दोन शेतांच्या मध्ये कधी कधी पाच-दहा किलोमीटर नुसतं माळरान. देशाच्या मध्यभागी तर वस्तीच नाही, लाव्हा, वाळू आणि हिमनद्या.

आता शाळेचे टप्पे. पहिला टप्पा 'लेइकस्कोली', शब्दशः खेळशाळा. आपण बालवाडी म्हणू, पण एक फरक लक्षात ठेवा, तिथं १९९४ च्या कायद्यानं बालवाडीला शिक्षणव्यवस्थेची पहिली पायरी म्हणून मान्यता दिली, म्हणजे मुलं सांभाळायची सोय म्हणून नाही तर शाळा म्हणूनच. सक्ती नाही, पण तीन ते पाच वर्षांची जवळपास सगळी मुलं जातात. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते 'ग्रुन्नस्कोली'त जातं, पहिली ते दहावी, वय ६ ते १६, ही सक्तीची आणि फी अजिबात नाही. प्राथमिक-माध्यमिक असा तुकडा पाडलेला नाही, बहुतेक ठिकाणी दहाही वर्षं एकाच शाळेत. त्याच्या पुढं 'फ्रामहाल्ड्सस्कोली', आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखं, आता साधारण तीन वर्षांचं. बालवाडी, शाळा आणि कॉलेज तिन्हींचे सध्याचे कायदे २००८ चे.

खरी मेख पुढं आहे. कायदा आणि अभ्यासक्रम सगळ्या देशाला एक, पण शाळा चालवतं कोण? कॉलेजं सरकार चालवतं, आणि बालवाडी अन् शाळा मात्र स्थानिक पालिका. शाळा आधी सरकारकडं होत्या, १९९६ मध्ये त्या पालिकांच्या हातात दिल्या. या पालिका एकेकाळी दोनशेच्या वर होत्या, एकत्र करत करत आता साठेकवर आल्यात, पण त्यातली एक रेकयाविक, दीडेक लाख वस्तीची, आणि काही अशा की सगळी पालिका मिळून शंभर माणसंसुद्धा नाहीत. आणि दोघींवर जबाबदारी तीच! प्रत्येक मुलाला शाळा, स्पेशल गरज असलेल्या मुलाला मदतनीस, शाळेची बस, पोहण्याचे धडे, सगळं.

पैसे कुठून येतात तर लोकांच्या पगारातून जो स्थानिक आयकर कापला जातो त्यातून, साधारण १४-१५ टक्के, कमाल किती ते कायद्यानं ठरलेलं. पण शंभर माणसांच्या पगारातून शाळा कशी चालणार? म्हणून एक समतोल निधी आहे, त्यातून लहान, विखुरलेल्या पालिकांना जादा पैसे मिळतात, शेतावरच्या मुलांची बससुद्धा त्यातून भागते. हा निधी नसता तर गावांतल्या निम्म्याअधिक शाळांना केव्हाच कुलूप लागलं असतं असं मला वाटतं.

आता शहराकडं येऊ. तिथं आई-बाप दोघांची मिळून बारा महिन्यांची पगारी रजा असते, सहा-सहा महिने, त्यातले सहा आठवडे एकमेकांना देता येतात, पगाराच्या ८० टक्के मिळतात पण त्याला वरची मर्यादा आहे. बाप खरंच रजा घेतात, पार्कमध्ये प्रॅम ढकलणारे बापे बघून आपल्याला सुरुवातीला नवल वाटतं. बारा महिने झाले, रजा संपली, दोघं कामावर. पण बालवाडीत जागा? रेकयाविकमध्ये मूल दीड वर्षाचं होईपर्यंत, कधी त्याहूनही मोठं होईपर्यंत नंबर लागत नाही. या मधल्या काळाला आइसलँडिकमध्ये चक्क एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'सांभाळण्यातलं भगदाड'. निवडणुकीत, पेपरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, हाच विषय.

मग लोक काय करतात तर 'दागफोरेल्द्री' शोधतात, म्हणजे 'दिवसाचे पालक'. पालिकेकडून परवाना घेऊन आपल्या घरात चार-पाच बाळं सांभाळणाऱ्या बायका, क्वचित पुरुषही. चांगली दागफोरेल्द्री मिळणं म्हणजे लॉटरीच, आणि त्यांची संख्याही रोडावलीय. कुणी आजी-आजोबांना नोकरी कमी करायला लावतं, कुणी बिनपगारी रजा वाढवतं, आणि ती बहुतेक वेळा आईच वाढवते. काही पालिका घरी थांबणाऱ्या पालकांना महिन्याला काही रक्कम देतात. ऑगस्ट २०२२ मध्ये तर रेकयाविकचे आई-बाप तान्ह्या बाळांना घेऊन सिटी हॉलमध्ये जाऊन बसले होते, कारण निवडणुकीच्या आधी बारा महिन्यांपासून जागा देऊ असा शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नव्हता.

आम्ही आलो तेव्हा मुलाला दीड वर्ष झालेलंच होतं तरी पाच महिने थांबावं लागलं. ते पाच महिने मी घरात, परक्या देशात, दुपारी साडेतीनला अंधार, ओळखीचं माणूस नाही. बालवाडीचं पत्र आलं तेव्हा मी रडले होते.

जागा का नाही? इमारती कमी आहेत म्हणून, असं लोक पटकन म्हणतात, आणि ते काही अंशी खरंही आहे. बऱ्याच इमारतींत बुरशी सापडली, भिंतींच्या आत ओल साठून, मग मुलांना हलवायचं, दुरुस्ती करायची, रेकयाविकच्या फॉसवॉग्सस्कोली या शाळेचं प्रकरण तर वर्षानुवर्षं गाजलं. पण मुख्य घोडं अडलंय ते माणसांवर. कायदा म्हणतो बालवाडीत शिकवणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश हे परवानाधारक शिक्षक हवेत, आणि २००८ च्या कायद्यानं परवान्यासाठी पाच वर्षांचं, मास्टर्सपर्यंतचं शिक्षण लागतं, अगदी दोन वर्षांच्या बाळांच्या शिक्षकालासुद्धा! विचार उत्तम आहे, मला मनापासून पटतो, लहान मुलांना शिकवणं हे काही कमी डोक्याचं काम नाही. पण प्रत्यक्षात ते प्रमाण देशभरात कुठल्या कुठं खाली आहे. वर २०१९ च्या कायद्यानं शिक्षकाचा परवाना सगळ्या स्तरांना एकच केला, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिकेला शाळेत नोकरी धरता येते, आणि शाळेत सुट्ट्या जास्त, दिवस सुटसुटीत, मग बऱ्याच जणी तिकडं गेल्या. त्यानंतर कामाचा आठवडा कमी करण्याचे करार झाले, कामगारांच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट, पण बालवाडी सकाळी साडेसात-आठला उघडते आणि साडेचारपर्यंत चालते, माणसं तेवढीच आणि प्रत्येकाचे तास कमी, मग कुणी आजारी पडलं की वर्ग बंद. "आज माणसं कमी आहेत, जमल्यास मुलाला घरी ठेवा" असा मेसेज सकाळी सातला आला की त्या घरात काय धावपळ होते ते मी बघितलंय.

कोपावोगुरनं सप्टेंबर २०२३ पासून यावर एक वेगळा उपाय काढला. दिवसाला सहा तास मूल ठेवलं तर शिकवण्याची फी शून्य, त्याच्या वर जितके तास जास्त तितकी फी चढत जाते. हेतू असा की ज्यांना जमतं त्यांनी मुलांना लवकर न्यावं, म्हणजे आहेत त्या माणसांत भागेल. बालवाड्या बंद पडायचं प्रमाण कमी झालं हे खरं. पण सहा तासांत मूल न्यायला कुणाला जमतं? ज्याची नोकरी घरून होते त्याला. जी हॉटेलात खोल्या साफ करते, जी हॉस्पिटलात शिफ्ट करते, जी एकटी आई आहे, तिला आठ तास लागतातच, मग सवलती धरूनही ओझं तिच्यावरच येतं. त्यामुळं यावर तिथं चांगलीच जुंपली, बायकांच्या संघटना आणि कामगार संघटना एका बाजूला, बालवाडीतल्या बऱ्याच शिक्षिका दुसऱ्या बाजूला. मला दोघींचंही पटतं, पण एकट्या आईचा विचार आधी व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

या भांडणाला इतिहास आहे. रेकयाविकमध्ये 'सुमारग्योफ' नावाच्या संस्थेनं १९२४ मध्ये मुलांसाठी काम सुरू केलं, शहरातल्या पहिल्या बालवाड्या त्यांच्याच. पुढं कितीतरी वर्षं पूर्ण दिवसाची जागा फक्त एकट्या आयांना आणि विद्यार्थी पालकांना मिळायची, लग्न झालेल्या बाईच्या मुलाला अर्धाच दिवस, कारण ती घरीच असणार असं गृहीत धरलेलं. २४ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, ऑफिसातलं पण आणि घरातलं पण, आणि बापांना मुलांना घेऊन कामावर जावं लागलं. पूर्ण दिवसाची बालवाडी सगळ्यांसाठी हवी ही मागणी अशा चळवळींतूनच मोठी झाली. म्हणून तिथं कुणी बालवाडीच्या तासांना हात लावला की बायका लगेच सावध होतात.

बालवाडी आतून कशी असते ते सांगते, कारण ते बघितल्याशिवाय मजा कळत नाही. दारातून आत गेलं की आधी कपड्यांची खोली. प्रत्येक मुलाचा एक उभा कप्पा, वर फोटो, खाली बूट, आणि खुंटीला तीन-चार थर टांगलेले. लोकरीचे आतले कपडे, लोकरीचे मोजे, स्वेटर, बर्फाचा जाड सूट, आणि 'पोट्लागाट्ली', म्हणजे डबक्यात लोळायचा रबरी सूट. कोपऱ्यात एक कपाट, आतून गरम हवा सोडणारं, त्यात ओले हातमोजे वाळत घातलेले. पाऊस असो, वारा असो, बर्फ असो, मुलं बाहेर खेळणार म्हणजे खेळणार, वादळच असलं तर नाही. पहिल्या हिवाळ्यात माझा जीव वर-खाली व्हायचा, ताप येईल, सर्दी होईल. एक दिवस खिडकीतून बघितलं तर हा पोरगा चिखलाच्या डबक्यात पालथा झोपून हातानं पाणी उडवतोय आणि शिक्षिका शेजारी उकिडवी बसून त्याच्याशी गप्पा मारतेय. दुपारी बाळं प्रॅममध्ये उघड्यावर झोपवतात, लोकरीत गुंडाळून, थंडीतसुद्धा, आणि ती काय गाढ झोपतात!

मूल नवीन आलं की पहिले काही दिवस आई किंवा बापानं दिवसभर सोबत थांबायचं, खेळायचं, जेवायचं, डायपर बदलायचा, मग चौथ्या दिवशी मूल ठेवून जायचं. शिक्षकांना सगळे पहिल्या नावानं हाक मारतात, मुलंही. बाई नाही, मॅडम नाही. माझ्या तोंडून पहिले सहा महिने नुसतं नाव निघायचंच नाही.

आता गाव.

गावात बालवाडीची जागा मागायला गेले तर मुख्याध्यापिका म्हणाली, "सोमवारपासून पाठवा." एवढंच. बऱ्याच छोट्या पालिका मूल बारा महिन्यांचं झालं की घेतात, काही त्याच्याही आधी. त्यांना मुलं हवीच आहेत. तरुण जोडपं गावात टिकायचं असेल तर बालवाडी लागते, फिश फॅक्टरीला कामगार हवे असतील तर बालवाडी लागते.

आमच्या गावात बालवाडी, शाळा आणि संगीतशाळा एकाच इमारतीत, मुख्याध्यापिका एकच. २००८ च्या कायद्यांनी अशा एकत्र शाळांना वाट मोकळी करून दिली आणि छोट्या गावांत तीच पद्धत रूढ झालीय. जेवण एका हॉलमध्ये, तीन वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचा दांडगा मुलगा शेजारी बसून मासे-बटाटे खातात. (२०२४ च्या ऑगस्टपासून शाळेतलं जेवण सगळ्या देशात मोफत झालं.) मुलगा आता दुसरीत आहे, पण 'दुसरीचा वर्ग' असा नाहीच, पहिली ते तिसरी मिळून नऊ मुलं एका खोलीत. याला 'सामकेन्सला' म्हणतात, एकत्र शिकवणं. हे वाचून आपल्याकडच्या झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना काही नवल वाटणार नाही. शिक्षिका तिघांना गणित लावून देते, चौघांना वाचायला बसवते, उरलेल्या दोघांजवळ स्वतः बसते. मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात, आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं पक्कं होतं. शहरात कोपावोगुर, हाफनार्फ्योर्दुरच्या काही शाळांत सात-आठशे मुलं, तिथं समांतर तुकड्या, तिथं मूल गर्दीत हरवू शकतं. इथं ते शक्य नाही. पण तुमच्या वयाची दुसरी मुलगीच गावात नसेल तर मैत्रीण कुठून आणायची? आणि वर्गात एकानं त्रास द्यायला सुरुवात केली तर तुकडी बदलून घेता येत नाही, दहा वर्षं तोच वर्ग. ही छोट्या शाळेची दुखरी बाजू आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

शेतावरच्या मुलांना आणायला बस येते, बस म्हणजे पुष्कळदा छोटी व्हॅन, चालवणारा बरेचदा जवळचाच एखादा शेतकरी, पालिकेच्या कंत्राटावर. प्रवास आणि वाट बघणं मिळून दिवसाला साधारण १२० मिनिटांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. ऐकायला ठीक वाटतं. पण डिसेंबरात रेकयाविकलाच सूर्य सव्वाअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, आमच्याकडं तर डोंगरामुळं काही आठवडे दिसतच नाही. सकाळी साडेसातला काळ्याकुट्ट अंधारात शेताच्या फाट्यावर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून एक सहा वर्षांचं पोर उभं, आणि लांबून येणारे व्हॅनचे दिवे. पश्चिमेला इसाफ्योर्दुर गावात २५ जानेवारीच्या आसपास सूर्य डोंगरावरून परत डोकावतो तेव्हा लोक पातळ गोड पॅनकेक करून 'सूर्याची कॉफी' साजरी करतात. आमच्या शाळेतही सूर्य परतला की वर्ग सोडून सगळी बाहेर येतात.

हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. शहरात इशारा आला की लहान मुलांना एकटं सोडू नका, स्वतः न्यायला या, असा निरोप येतो. गावात घाट बंद झाला तर व्हॅनच निघत नाही, शिक्षकच पलीकडच्या फ्योर्दात अडकलेले असतात.

गावाचा शाळेवर अजून एक ठसा आहे. सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली हाकून आणतात, तो सगळ्या परिसराचा सण, शाळेची मुलंही तिथंच. मे महिन्यात कोकरं जन्माला येतात, शेतावरची मुलं रात्र-रात्र गोठ्यात मदत करतात, शाळा समजून घेते. खरं तर जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या वीस-बावीस तारखेपर्यंत जी लांबलचक सुट्टी सगळ्या देशाला असते तिचं मूळही शेतीच्या कामातच आहे, शहरातली मुलंसुद्धा पूर्वी उन्हाळ्यात नातेवाइकांच्या शेतावर पाठवली जायची. आणि त्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शाळेच्या इमारतीच नव्हत्या तेव्हा शिक्षकच फिरायचे, काही आठवडे या शेतावर, काही आठवडे त्या शेतावर, आजूबाजूची मुलं तिथं जमायची. १९०७ च्या कायद्यानं १० ते १४ वयाला शिक्षण सक्तीचं केलं ते याच फिरत्या शिक्षकांच्या जोरावर. त्यानंतर गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ निवासी शाळा बांधल्या, जमिनीतून येणाऱ्या पाण्यावर इमारत गरम आणि पोहायला तलावही. ऱ्हुताफ्योर्दुरमधल्या रेइक्यास्कोलीत आता सातवीची मुलं एक आठवडा शिबिराला येतात, शहरातली आणि गावातली एकत्र.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडं येते. शाळा बंद होणं म्हणजे काय असतं?

उत्तरेला ग्रिमसे नावाचं बेट आहे, आर्क्टिक वर्तुळावरच, वस्ती शंभराच्या आत. तिथं शाळा होती, वरच्या वर्गांना मुलं अकुरेरीला जायची, मग खालच्या वर्गांनाही मुलं उरली नाहीत आणि ती बंद पडली. स्त्रान्दिर किनाऱ्यावरच्या आर्नेस भागात, जिथला रस्ता कितीतरी वर्षं जानेवारी ते मार्च नियमित मोकळाच केला जात नव्हता, तिथली फिन्बोगास्तादिरची शाळाही तशीच थांबली. तिथं कुणी येऊन आदेश काढून कुलूप लावलं नाही. मुलं संपली. २०२२ मध्ये ब्लोन्दुओस गाव आणि शेजारची ग्रामीण पालिका एक झाली, आणि ग्रामीण भागातली हुनावेत्लिरची शाळा गावातल्या शाळेत मिसळली. लोकांना कारण कळतं, पट नाही, पैसे नाहीत. तरी मन तयार होत नाही, कारण शाळेतच लग्नाची जेवणं होतात, मतदान तिथं, व्यायामशाळा तिथं, हिवाळ्यातल्या जेवणावळी तिथं.

फ्यात्लाबिग्द या पालिकेचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. सिग्लुफ्योर्दुर आणि ओलाफ्सफ्योर्दुर ही उत्तरेकडची दोन गावं, मध्ये डोंगर. हिवाळ्यात घाट बंद, वळसा घालून जायचं तर दोनशेहून जास्त किलोमीटर. २००६ मध्ये पालिका एक झाली, २०१० मध्ये डोंगरातून बोगदे झाले आणि अंतर वीस किलोमीटरच्याही आत आलं. मग शाळा एक केली, पण इमारती दोन्ही गावांत, म्हणून लहान वर्ग सिग्लुफ्योर्दुरला आणि मोठे वर्ग ओलाफ्सफ्योर्दुरला, मुलं रोज बसनं बोगद्यातून ये-जा करतात. एकाच वयाची मुलं एकत्र आली, वर्ग भरले, विषय-शिक्षक मिळाले. पण आपल्या गावातलं सहा वर्षांचं पोर रोज दुसऱ्या गावात जाणार ही कल्पना काही जणांना सहन होईना, २०१८ मध्ये त्यावर मतदान घ्यावं लागलं, आणि एकत्र ठेवण्याच्या बाजूनं कौल गेला. त्याच २०१० साली ओलाफ्सफ्योर्दुरला कॉलेजही निघालं.

कॉलेजचं इतकं महत्त्व का? कारण गावातलं मूल सोळा वर्षांचं झालं की घर सोडतं. अकुरेरीला, रेकयाविकला, इसाफ्योर्दुरला, वसतिगृहात नाहीतर मावशीकडं. सरकार त्यासाठी भत्ता देतं, पण आई-बापाला पोर सोळाव्या वर्षी लांब जातं हे काही भत्त्यानं भरून निघत नाही. काही कुटुंबं तेव्हाच पूर्णच हलतात, मग धाकटी भावंडंही शाळेतून कमी, पट अजून खाली. स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर ग्रुन्दारफ्योर्दुरला २००४ मध्ये कॉलेज काढलं तेव्हा तिथल्या लोकांना सुटकेचा श्वास मिळाला तो याचसाठी.

शिक्षक गावात टिकत नाहीत हीही रड आहेच, परवाना नसलेले शिक्षक पश्चिमेकडच्या फ्योर्दांत राजधानीपेक्षा जास्त. यावर अकुरेरीच्या विद्यापीठानं चांगलं काम केलंय, १९८७ चं विद्यापीठ, शिक्षक घडवणं सुरू झालं १९९३ पासून, आणि घरी बसून शिकता येतं. गावातलीच बालवाडीतली मदतनीस नोकरी करत करत शिक्षिका होते, ती मुळात तिथलीच असल्यानं सोडून जात नाही. आमच्या मुलाची बाई तशीच झालेली.

भाषेचा प्रश्न दोन्हीकडं आहे. रेकयाविकच्या ब्रेइदहोल्त भागातल्या फेत्लास्कोलीत बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा वेगळीच. आणि दक्षिणेला विक हे टुरिस्टांचं छोटं गाव, तिथं तर पालिकेतले निम्म्याहून जास्त रहिवासी परदेशातून आलेले, हॉटेलांत काम करणारे, २०२२ पासून पालिकेनं इंग्रजी बोलणाऱ्यांची वेगळी सल्लागार समितीच नेमली. मासेमारीच्या गावांत पोलिश मुलं पुष्कळ. शहरात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग, सल्लागार असतात, गावात एखादी शिक्षिका. पण गावात मुलाला आइसलँडिक बोलल्याशिवाय खेळायलाच मिळत नाही, त्यामुळं ती पटकन शिकतात, माझा मुलगा चार महिन्यांत भांडायला लागला त्या भाषेत.

आणि निकाल? २०२२ च्या पिसा चाचणीनं (पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी परीक्षा) देशाला हादरा दिला. वाचनात ४३६ गुण, प्रगत देशांची सरासरी ४७६, आणि चारच वर्षांपूर्वी आइसलँड ४७४ वर होता. पंधरा वर्षांच्या दहा मुलांतली चार किमान पातळीच्या खाली. ही चाचणी आइसलँडमध्ये नमुन्यावर नाही, दहावीच्या जवळपास सगळ्याच मुलांची होते, देशच एवढासा आहे. आधीच्या फेऱ्यांत राजधानीतली मुलं सरासरीनं गावांपेक्षा पुढं दिसलेली, पण त्यावरून गावच्या शाळा वाईट असं म्हणणं अन्यायाचं होईल, शहरात जास्त शिकलेले आई-बाप आहेत आणि गावांत शिक्षक सारखे बदलतात, हे धरायलाच हवं. देशपातळीवरच्या सामायिक परीक्षाही २०२१ नंतर काही वर्षं झाल्या नाहीत, त्यामुळं शाळेला स्वतःला आपण कुठं आहोत ते नीट कळत नव्हतं. २०२४-२५ मध्ये शिक्षकांचे संप झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये करार झाला. पगार वाढले की शिक्षक वाढतील अशी आशा आहे, बालवाडीत तर सगळ्यात जास्त गरज आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्वालामुखीमुळं ग्रिन्दाविक हे गाव एका रात्रीत रिकामं केलं तेव्हा पटाचा हा हिशोब सगळ्या देशाला कळला. साडेतीन हजारांवर लोक बाहेर पडले आणि त्यांची शाळा काही महिने रेकयाविकमधल्या वेगवेगळ्या इमारतींत 'ग्रिन्दाविकची शाळा' म्हणूनच चालवली, मुलांना निदान आपले वर्गमित्र मिळावेत म्हणून. पुढच्या वर्षी ती राहिली नाही, मुलं जिथं राहायला गेली तिथल्या शाळांत विखुरली.

परवा दुकानात दूध आणायला गेले होते. काउंटरवरच्या बाईनं पैसे सांगायच्या आधी पुढं वाकून हळूच सांगितलं, फिश फॅक्टरीत नवीन कुटुंब आलंय, पोलंडचं. "दोन मुली आहेत," ती म्हणाली, "एक सात वर्षांची आणि एक चार."